दुखतं, पण विचारतं कोण?



आजचा विषय रेडिओवर घ्यायचा की नाही, यावर आमच्या बैठकीत पुष्कळ बोलणं झालं. एक म्हणाली, घरात सासरे बसलेले असतात, रेडिओ मोठ्यानं लावलेला असतो. दुसरी म्हणाली, सासऱ्यांना मूळव्याधीची जाहिरात चालते, मग हे का चालू नये? शेवटी घ्यायचं ठरलं. विषय आहे, शरीरसंबंधाच्या वेळी बाईला होणारं दुखणं. कुणाला सुरुवातीलाच आग होते, कुणाला आत खोल ओटीपोटात कळ येते, कुणाचं अंग दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहतं. आम्ही डॉक्टर नाही, म्हणून औषधाचं नाव सांगणार नाही. या दुखण्याकडे आजवर कुणी कसं पाहिलं, कुणी विचारलं आणि कुणी विचारलं नाही, ते सांगणार आहोत. दुखण्याची कारणं त्यातच येतील.

आपल्या वऱ्हाडी बोलीत दुखण्यांना शब्द कमी नाहीत. कंबर धरते, पाठ भरून येते, पोटात मुरडा येतो, डोकं ठणकते, अंग मोडून येते. या एका दुखण्याला मात्र बायकांच्या तोंडी शब्द नाही. बाई म्हणते, "मले ते जमत नाही." किंवा म्हणते, "मले आवडत नाही." ऐकणारा समजतो, हिला नवरा आवडत नाही. दुखतं ही गोष्ट त्यात कुठं उरतच नाही.

पूर्वी वैद्यांना हे माहीतच नव्हतं, असं म्हणावं तर तसंही नाही. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही ग्रंथांत स्त्रीच्या योनीचे वीस प्रकारचे आजार सांगितले आहेत. त्यातल्या एकाचं नाव परिप्लुता. संबंधाच्या वेळी फार वेदना होणं, हे सुश्रुतानं त्याचं लक्षण दिलं आहे. दुसऱ्या एकाचं नाव प्राक्चरणा. चरकाच्या म्हणण्याप्रमाणे मुलगी फार लहान असताना संबंध आला, की तिची पाठ, कंबर, मांड्या, जांघा दुखू लागतात आणि योनीला आजार जडतो. हे लिहून दीड-दोन हजार वर्षं होऊन गेली. म्हणजे पोथीत दुखणंही होतं आणि त्याचं नावही होतं. पोथी वाचणारे पुरुष होते आणि ज्यांना दुखत होतं त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते नाव आपल्यापर्यंत आलंच नाही. आणि ज्या समाजानं ती पोथी डोक्यावर घेतली, त्याच समाजानं आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं लावली. प्राक्चरणेचं पान त्यानं उलटून पाहिलं नसावं.

हे दुखणं सरकारदरबारी गाजलं ते एका मुलीच्या मरणानं. कलकत्त्याची फुलमणी दासी, दहा-अकरा वर्षांची. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा, पुरता बाप्या माणूस. त्याच्या संबंधानं तिला जखम झाली आणि रक्त जाऊन ती मेली. १८९० मध्ये खटला चालला. तेव्हाच्या कायद्यात बायकोसाठी वयाची मर्यादा दहा वर्षं होती आणि फुलमणीनं दहा ओलांडले होते. त्यामुळे तो बलात्कार ठरला नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

त्याच वर्षी हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासच्या वर स्त्री-डॉक्टरांनी मिळून व्हाइसरॉयला अर्ज केला. अर्जात त्यांनी स्वतः तपासलेल्या लहान बायकांच्या जखमा लिहिल्या. कुणी लंगडी झाली, कुणी मेली, असं एकेक प्रकरण होतं. आम्हाला हा अर्ज फार मोलाचा वाटतो, कारण तोवर सगळा वाद शास्त्र काय सांगतं आणि परंपरा काय सांगते यावर चालला होता. मुलीच्या अंगाला काय होतं, हे या बायांनी कागदावर आणलं. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. पुण्यात यावरून केवढं रण माजलं होतं! टिळक विरोधात होते. आमच्या घरातल्या चालीरीतींत परक्या सरकारनं हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं. आगरकर कायद्याच्या बाजूनं. डॉ. भांडारकरांनी शास्त्राचाच आधार काढून कायद्याला पाठिंबा दिला. सभा झाल्या, रकानेच्या रकाने भरले. त्या सगळ्या गदारोळात मुलींना काय होतंय, हे मुलींना मात्र कुणी विचारलं नाही. त्याच्या थोडं आधी मुंबईच्या रखमाबाईंनी, अकराव्या वर्षी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं कोर्टात ठणकावून सांगितलं होतं. कोर्ट म्हणालं, जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढं त्या डॉक्टर झाल्या आणि १८९४ नंतर बरीच वर्षं त्यांनी गुजरातेत बायकांचे दवाखाने चालवले.

बाईला बाई डॉक्टर हवी, ही ओरड त्याच काळातली. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या याचसाठी. इथल्या बाया पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, हे त्यांनी कॉलेजला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलं होतं. १८८६ ला डॉक्टर झाल्या, १८८७ ला गेल्या. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या बायकोनं, लेडी डफरीननं, बायकांच्या दवाखान्यांसाठी निधी काढला आणि देशभर तिच्या नावाचे दवाखाने झाले. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आपण आजही डफरीनच म्हणतो. तिथं आपल्यातल्या कितीजणींची बाळंतपणं झाली असतील. पण हे दवाखाने झाले मुख्यतः बाळंतपणासाठी. बाळंतपणाच्या आधीचं, नंतरचं, मधलं दुखणं घेऊन कुणी तिथं जावं, हे बायकांच्याही मनात आलं नाही आणि दवाखान्याच्याही.

त्यानंतर नाव घ्यायचं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांचं. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचक पत्रानं प्रश्न विचारत आणि ते मासिकात सरळ, न लाजता उत्तर देत. बाईलाही सुख मिळायला हवं, हे मराठीत इतकं उघड लिहिणारा माणूस तोवर झाला नव्हता. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला कशावरून, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून! कर्वे हरले आणि दोनशे रुपये दंड झाला. तरी मासिक बंद पडलं नाही. १९५३ मध्ये ते वारले तोपर्यंत चालूच होतं. एक खरं की ते मासिक मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या घरांत जायचं. कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाती ते पडायचा प्रश्नच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर गावात सरकारी दवाखाना आला, नर्सबाई आली. मोजमाप झालं ते मात्र दोनच गोष्टींचं, मुलं किती आणि ऑपरेशन झालं का. नसबंदीच्या शिबिराला गाडी घरापर्यंत यायची. तीच बाई अंगावरून पांढरं जातं म्हणून गेली, तर ताकदीच्या गोळ्या घेऊन परत यायची. आमच्या आयाबाया हेच सांगतात.

आता आपल्या विदर्भातली गोष्ट. विदर्भाच्या पार पूर्वेच्या टोकाला गडचिरोली. तिथं १९८६ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत एक काम केलं, जे जगात तोवर कुणी धड केलं नव्हतं. दवाखान्यात आलेल्या बायका सगळेच तपासतात. यांनी गावातल्या बायकांना तपासलं, तक्रार असलेल्या आणि नसलेल्या दोघींनाही. साडेसहाशे बायका आणि मुली. आधी विचारलं, मग आतून तपासलं, रक्त-लघवी पाहिली.

जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हा अभ्यास छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना अंगाचा एक ना एक आजार निघाला. एका बाईमागे सरासरी साडेतीनच्या वर आजार. त्यातले जवळपास निम्मे जंतुसंसर्गाचे, म्हणजे औषधानं बरे होणारे. आणि यातल्या शंभरातल्या फक्त आठजणींची आधी कधी आतून तपासणी झालेली होती. बाकीच्या ब्याण्णवजणी त्या दिवसापर्यंत कुणी न विचारलेल्या.

ब्याण्णव हा आकडा दोनदा आला, तो योगायोग आहे. पण आम्ही तो वाचला तेव्हा गप्पच झालो.

"गावच्या बाया लाजतात, सांगत नाहीत, त्याला आम्ही काय करणार" असं डॉक्टर लोक म्हणत आले होते. गडचिरोलीनं ते खोटं पाडलं. एका बाईनं, बसून, बायकांच्याच शब्दांत विचारलं तेव्हा साडेसहाशे बायका तपासायला तयार झाल्या. बायकांनी काय काय सांगितलं, त्यांचे शब्द, त्यांच्या समजुती, हे राणीताईंनी पुढं 'कानोसा' या मराठी पुस्तकात लिहिलं. आपल्या गटाच्या पेटीत ठेवावं असं पुस्तक आहे. या अभ्यासाची चर्चा जगभर झाली. १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर मोठी जागतिक परिषद भरली. नुसती मुलं मोजू नका, बाईचं प्रजनन-आरोग्य बघा, असं तिथं ठरलं. १९९७ मध्ये आपल्या सरकारनं प्रजनन आणि बाल आरोग्य कार्यक्रम आणला. आज सरकारी दवाखान्यात या संसर्गाची औषधं फुकट मिळतात, त्याची मुळं अशी दोन गावांपर्यंत जातात.

आता कारणांचं. संबंधाच्या वेळी दुखण्याचं आपल्याकडे नेहमी आढळणारं कारण हाच संसर्ग. दह्यासारखं घट्ट पांढरं जातं आणि फार खाज सुटते, तो बुरशीचा प्रकार. साखरेच्या आजारात तो परत परत होतो. पिवळं-हिरवं, फेसाळ, वास येणारं जातं, तो वेगळा आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावंच लागतं. बाईनं एकटीनं गोळ्या खाल्ल्या तर महिन्याभरात आजार परत येतो आणि मग "औषधाचा गुण नाही" असं होतं. संसर्ग वर पिशवीपर्यंत आणि नळ्यांपर्यंत गेला, तर ओटीपोट दुखतं, ताप येतो आणि संबंधाच्या वेळी आत खोल कळ येते. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर असं झालं तर दिवस घालवू नयेत. एक सवय मात्र सोडायला हवी. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी यानं आतून धुऊ नका. बाहेरून साधं पाणी पुरे. आतून धुतल्यानं आग वाढते आणि चांगले जंतूही मरतात.

दुसरं कारण कोरडेपणा. बाळ अंगावर पीत असताना बऱ्याचजणींना असं होतं. पाळी गेल्यावर तर फारच. ते म्हातारपणाचं लक्षण मानून बाया गप्प बसतात, पण त्यावर डॉक्टर लावायचं मलम देतात. तिशीतल्या बाईला कोरडेपणा असेल, तर कारण पुष्कळदा साधं असतं. दिवसभर वेचणी करून आलेल्या, अर्धवट झोपेतल्या बाईचं अंग तयार व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ तिला दिलेला नसतो. हा आजार नव्हे, घाई आहे. खोबरेल तेलानं काहींना बरं वाटतं, पण निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, तेलानं निरोध फाटतो.

काहींना बाळंतपणात पडलेल्या टाक्यांची जागा दुखते. काहींचं मायांग खाली आलेलं असतं. काहींच्या पिशवीत गाठ असते. काहींच्या पिशवीचं अस्तर भलत्याच जागी वाढतं. त्यांना पाळीतही असह्य दुखतं आणि "पाळीत दुखतंच" असं म्हणत वर्षं जातात.

आणि एक प्रकार असा की संबंधाच्या नुसत्या विचारानं योनीचे स्नायू आपोआप घट्ट आवळतात. बाई ते मुद्दाम करत नाही, जसं डोळ्यासमोर बोट आलं की पापणी मिटते तसं. पहिल्या रात्रीची भीती, लहान वयातलं लग्न, कधी झालेली जबरदस्ती, किंवा काहीच कारण नाही, असंही असतं. अशा सुनेला "बिनकामाची" म्हणून माहेरी पाठवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. हे बरं होतं. समजावून सांगणारी डॉक्टर, काही व्यायाम आणि थांबायला तयार असलेला नवरा, एवढं लागतं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, असं आमचं मत.

थांबायचं नाही ते दोन वेळा. संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा पाळी गेल्यावर परत लाल दिसलं, तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. बहुतेक वेळा भलतं काही निघत नाही, पण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची सुरुवातही अशीच असते आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. तीस वर्षांच्या पुढच्या बायांची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट असते, पाच-दहा मिनिटांचं काम. आणि पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखून चक्कर आली, तर तासही घालवू नका, १०८ ला फोन करा.

हे वाचून कुणी घाईनं पिशवी काढायला जाऊ नये, म्हणून बीडची गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं उघड झालं. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळजणी तरुण होत्या. किती तरी बायांची मूळ तक्रार काय होती? पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं. ज्यासाठी गडचिरोलीत गोळ्या पुरल्या असत्या, त्यासाठी इथं कर्ज काढून ऑपरेशन. पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो डफरीनला, दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

आता आपल्या नांदगावचं. पापळ असो की मंगरूळ चव्हाळा, आधी आपल्या आशाताईशी बोला. तिला हे शब्द ऐकायची सवय असते. मग प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नांदगावचं ग्रामीण रुग्णालय आणि तिथून गरज पडली तर अमरावती. आतून तपासताना खोलीत बाई असावी, असं मागायचा हक्क तुम्हाला आहे, सोबत जाऊबाई किंवा गटातली कुणी नेली तरी चालते. फोनवर विचारायचं असेल तर १०४ हा आरोग्य सल्ल्याचा नंबर आहे. डॉक्टरसमोर गेल्यावर "कमजोरी आहे" म्हणू नका. कमजोरी म्हटलं की ताकदीच्या गोळ्या मिळतात. सरळ म्हणा, "मॅडम, संबंधाच्या वेळी मला दुखतं." मग त्या विचारतील तेव्हा सांगा, सुरुवातीला दुखतं की आत खोल, लग्नापासून की अलीकडे, प्रत्येक वेळी की कधी कधी, पाळी कधी आली होती, अंगावरून काय जातं. हे घरूनच मनात जुळवून न्या. गर्दीत चार माणसांसमोर बोलायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून केसपेपरसोबत द्या.

औषध चालू असेपर्यंत संबंध ठेवू नका असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ते नवऱ्यालाही सांगायला लावा. डॉक्टरनं सांगितलेलं घरात टिकतं. आणि नको म्हटल्यावर मारहाण होत असेल, जबरदस्ती होत असेल, तर घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहे आणि त्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. नंबर १८१. फुलमणीच्या वेळी बायकोसाठी दहा असलेलं वय, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं अठरा केलं. अठरा वर्षांखालच्या बायकोशी संबंध हा आता बलात्कार आहे. दहाचे अठरा व्हायला सव्वाशेच्या वर वर्षं लागली.

पुढच्या बैठकीला आशाताई आणि ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर यांना बोलावलं आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहा, घडी घाला आणि गटाच्या पेटीत टाका. नाव लिहायची गरज नाही.